सही करण्याआधी मेंदूची फिल्म काय सांगते?

रात्रीचे साडेनऊ. जेवता जेवता वडिलांचं तोंड वाकडं झालं, उजवा हात ताटातच लुळा पडला, शब्द फुटेनात. घरच्यांनी मिळेल त्या गाडीनं त्यांना इस्पितळात आणलं. सीटी स्कॅन झाला. कॅज्युअल्टीतले डॉक्टर बाहेर आले ते संमतिपत्र हातात घेऊनच. "मेंदूच्या नसेत गुठळी अडकली आहे. ती विरघळवणारं इंजेक्शन लगेच द्यायला हवं. पण त्यामुळे मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो. सही करता?"

मुलानं पेन घेतलं आणि तो थबकला. "डॉक्टर, गावाकडे मोठ्या काकांना एकदा फोन लावतो."

काका म्हणतात, सकाळपर्यंत थांबा. आत्या म्हणते, मोठ्या शहरात हलवा. यात अर्धा तास जातो. कुणाच्याही मायेत खोट नसते. 'मेंदूत रक्तस्राव' हे शब्द ऐकल्यावर कुणाचाही हात थबकेल. पण मोठी नस बंद पडली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली मांडला. फोनवर गेलेला अर्धा तास या हिशेबात धरला, तर सहीचा प्रश्न निराळा दिसू लागतो.

हा लेख त्या एका सहीच्या क्षणासाठी आहे. रक्तस्राव कशामुळे होतो, त्याचा अंदाज सीटी-एमआरआयवरून कसा बांधतात, डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं आणि इंजेक्शननंतरच्या चोवीस तासांत आपण कशावर लक्ष ठेवायचं, हे आधीच वाचलेलं असेल तर इस्पितळातल्या बाकावर बसून निर्णय घेणं सोपं जातं.

भेगाळलेला बांध

आपण ज्याला लकवा, अर्धांगवायू किंवा 'पॅरालिसिसचा अटॅक' म्हणतो, तो स्ट्रोक दोन प्रकारचा असतो. बहुतेकांमध्ये मेंदूकडे जाणाऱ्या नसेत गुठळी अडकते आणि पुढच्या भागाचं रक्त तुटतं. उरलेल्यांमध्ये नस फुटते आणि रक्त मेंदूत सांडतं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणूनच घरी ॲस्पिरिनची गोळी देऊ नये. नस फुटलेली असेल तर त्या गोळीनं घात होऊ शकतो. कोणता प्रकार आहे हे स्कॅनशिवाय कळत नाही.

गुठळी असेल तर दोन उपचार आहेत. पहिला म्हणजे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, अल्टेप्लेस किंवा टेनेक्टेप्लेस. ते साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. दुसरा म्हणजे जांघेतून किंवा मनगटातून तार नेऊन गुठळी ओढून काढणं, त्याला थ्रॉम्बेक्टॉमी म्हणतात. मोठी नस बंद असेल तेव्हा हा उपचार करतात, आणि निवडक पेशंटमध्ये तो २४ तासांपर्यंतही करता येतो.

मग गुठळी गेल्यावर रक्तस्राव का व्हावा? उन्हाळाभर कोरडा पडलेला पाट आठवा. मातीला भेगा पडलेल्या असतात, बांध भुसभुशीत झालेला असतो. अशा पाटाला एकदम पाणी सोडलं तर ते जागोजागी पाझरतं आणि एखाद्या ठिकाणी बांधच फोडतं. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचं असंच होतं. रक्तातली नको ती द्रव्यं मेंदूत शिरू नयेत म्हणून या वाहिन्यांचं अस्तर अतिशय घट्ट विणलेलं असतं. रक्तपुरवठा तुटला की मेंदूच्या पेशींसोबत हे अस्तरही उपाशी पडतं, त्याची वीण उसवते. नंतर गुठळी सुटून रक्त जोरात आलं की ते उसवलेल्या जागेतून बाहेर झिरपतं. इंजेक्शननं रक्ताची गोठण्याची ताकद काही काळ कमी केलेली असते, त्यामुळे गळती आपोआप बुजतही नाही.

रक्तस्रावाचा अंदाज बांधण्याच्या सगळ्या पद्धतींचं मूळ इथे आहे. पाट जितका वेळ आणि जितका लांबवर कोरडा राहिला, तितका बांध फुटण्याचा धोका जास्त. स्कॅन पाहताना डॉक्टर हेच शोधत असतात: मेंदूचा किती भाग मेला आहे आणि उरलेल्या भागातल्या वाहिन्या कोणत्या अवस्थेत आहेत.

पहिला साधा सीटी

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानं पहिल्यांदा पेशंटच्या मेंदूचा सीटी काढला. त्याआधी जिवंत माणसाच्या मेंदूतलं रक्त असं थेट दिसत नसे. आज हे काम मिनिटांत होतं. ताजं रक्त सीटीत पांढरं दिसतं, त्यामुळे पहिल्या नजरेत कळतं की नस फुटली आहे की नाही. फुटली असेल तर इंजेक्शनचा विषयच संपतो.

रक्त नसेल तर डॉक्टर बारकाईनं काळपटपणा शोधतात. मरू लागलेल्या भागात पाणी भरतं आणि तो आजूबाजूच्या मेंदूपेक्षा किंचित काळा दिसतो. मेंदूच्या करड्या आणि पांढऱ्या थरांमधली सीमारेषा पुसट होते. कधी गुठळी अडकलेली नसच पांढऱ्या दोरीसारखी उठून दिसते.

हा काळपटपणा मोजण्यासाठी कॅनडातल्या कॅलगरी इथल्या डॉक्टरांनी २००० साली एक सोपी गुणपद्धती मांडली. तिचं नाव 'ॲस्पेक्ट्स'. मेंदूच्या मधल्या मोठ्या धमनीच्या प्रदेशाचे दहा भाग पाडायचे आणि ज्या भागात बिघाड दिसेल त्याचा एक गुण वजा करायचा. दहापैकी दहा म्हणजे अजून काहीच बिघडलेलं दिसत नाही, शून्य म्हणजे सगळा प्रदेश गेला. त्यांच्या अभ्यासात सात किंवा त्याहून कमी गुण असलेल्यांमध्ये इंजेक्शननंतरचा रक्तस्राव आणि कायमचं परावलंबन दोन्ही जास्त दिसलं. तुम्ही डॉक्टरांना "ॲस्पेक्ट्स किती आहे?" असं विचारलंत तर ते एका आकड्यात उत्तर देऊ शकतील.

पण या आकड्याला परीक्षेच्या पास-नापाससारखं धरू नका. थोडाफार काळपटपणा असला तरी इंजेक्शन दिलं जातं. सीटीत मोठा, ठळक काळा प्रदेश दिसत असेल, तेव्हा मात्र डॉक्टर हात आखडता घेतात. तिथे वाचवण्यासारखं थोडं उरलेलं असतं आणि रक्त फुटण्याची शक्यता मोठी असते.

साध्या सीटीत आणखी एक गोष्ट दिसते. वर्षानुवर्षं रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांच्या मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात झिजेचे काळपट पट्टे असतात. बारीक वाहिन्या आधीच जुनाट झाल्याची ती खूण. अशा पेशंटमध्ये रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो. तरीही केवळ या कारणानं इंजेक्शन नाकारत नाहीत.

रंगीत नकाशा आणि आडवाटा

साध्या सीटीला जोडूनच हाताच्या शिरेतून रंगद्रव्य देऊन नसांचा सीटी काढतात, म्हणजे सीटी अँजिओग्राफी. बंद पडलेली नस मोठी आहे का आणि थ्रॉम्बेक्टॉमी करता येईल का, हे त्यातून कळतं. शिवाय आडवाटा दिसतात. मुख्य रस्ता बंद झाल्यावर गल्लीबोळांतून वाहतूक चालू राहावी, तसं शेजारच्या नसांतून थोडं रक्त तुटलेल्या भागाला पोहोचत असतं. ज्यांच्या आडवाटा चांगल्या, त्यांचा मेंदू जास्त वेळ तग धरतो आणि त्यांच्यात रक्तस्रावही कमी होतो. पेशंटला मूत्रपिंडाचा जुना आजार नसेल तर या तपासणीसाठी क्रिएटिनिनच्या रिपोर्टची वाट पाहण्याची सहसा गरज नसते. मात्र आजार असेल तर तो लगेच सांगा.

काही इस्पितळांत यापुढे परफ्युजन सीटी करतात. मेंदूच्या प्रत्येक भागात रक्त किती आणि किती उशिरा पोहोचतं, याचा संगणक रंगीत नकाशा काढतो. एका रंगात मेलेला गाभा, दुसऱ्यात भोवतालचा उपाशी पण जिवंत प्रदेश. गाभा लहान आणि उपाशी प्रदेश मोठा असेल तर उशिरा आलेल्या पेशंटलाही उपचाराचा लाभ होतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'डॉन' नावाच्या चाचणीत असेच पेशंट निवडले होते. त्यांना बरं असल्याचं शेवटचं पाहिल्यापासून ६ ते २४ तास उलटून गेले होते. गुठळी काढलेल्यांपैकी ४९ टक्के लोक तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकत होते. न काढलेल्यांमध्ये हे प्रमाण १३ टक्के होतं. त्रासदायक रक्तस्राव गुठळी काढलेल्यांत ६ टक्के आणि न काढलेल्यांत ३ टक्के झाला. हा फरक इतका लहान होता की तो योगायोगानंही पडला असू शकेल.

याच नकाशात रक्तस्रावाचे संकेतही मिळतात. ज्या भागात रक्ताचं प्रमाण अगदीच तळाला गेलेलं आहे, तो भाग मोठा असेल तर तिथे रक्त फुटण्याची शक्यता जास्त असते. रंगद्रव्य वाहिनीतून बाहेर पाझरताना दिसलं तर अस्तर उसवल्याचा तो थेट पुरावा. हा पाझर मोजून भविष्य वर्तवण्याचं काम मुख्यतः संशोधनाच्या पातळीवर आहे. रोजच्या निर्णयात त्याचा आधार अजून कमी घेतला जातो.

एमआरआय कधी उपयोगी पडतो

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पहिला निर्णय सीटीवरच होतो आणि ते योग्यही आहे. एमआरआयला वेळ जास्त लागतो, पेशंटला स्थिर राहावं लागतं. पेसमेकर किंवा शरीरात धातूची वस्तू असेल तर आधी खात्री करावी लागते. पण तीन बाबतीत एमआरआय जास्त सांगतो.

पहिली बाब झोपेतल्या स्ट्रोकची. रात्री दहाला माणूस धडधाकट झोपला आणि सकाळी सहाला हात हलेना. झटका कधी आला, कुणालाच ठाऊक नाही. एमआरआयच्या एका चित्रात इजा काही मिनिटांतच चमकते, दुसऱ्या चित्रात ती उमटायला काही तास लागतात. पहिल्यात दिसते आणि दुसऱ्यात नाही, याचा अर्थ झटका ताजा आहे. युरोपातल्या 'वेक-अप' चाचणीत (२०१८) अशा पेशंटना अल्टेप्लेस दिलं. चांगले बरे झालेल्यांचं प्रमाण ५३.३ टक्के निघालं, न दिलेल्यांमध्ये ते ४१.८ टक्के होतं. त्रासदायक रक्तस्राव अनुक्रमे २ टक्के आणि ०.४ टक्के होता.

दुसरी बाब मेलेल्या गाभ्याच्या आकाराची. एमआरआयवर तो अधिक स्पष्ट मोजता येतो, आणि गाभा जितका मोठा तितका धोका जास्त.

तिसरी बाब मायक्रोब्लीडची. हे पूर्वी कधीतरी नकळत झालेल्या सूक्ष्म रक्तस्रावांचे टिपके असतात. सीटीत ते दिसत नाहीत, एमआरआयच्या एका खास चित्रात काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. थोडे असतील तर इंजेक्शन देतात. दहापेक्षा जास्त असतील तर धोका वाढतो आणि फायद्याबद्दल खात्री देता येत नाही, तेव्हा डॉक्टर दोनदा विचार करतात. मात्र हे टिपके शोधण्यासाठी प्रत्येकाचा आधी एमआरआय करत बसणं योग्य नाही, त्यात वेळ जातो.

इथे घरच्यांना करण्यासारखं एक काम आहे. पेशंटचा पूर्वी कधी एमआरआय झाला असेल तर कपाटावर ठेवलेलं ते मोठं पाकीट किंवा सीडी सोबत न्या. मायक्रोब्लीडची नोंद त्या जुन्या रिपोर्टात आधीच असू शकते. ते सापडत नसेल तर शोधण्यात वेळ घालवू नका. कुणीतरी मागाहून आणून देईल.

फिल्मबाहेरच्या गोष्टी

नुसत्या फिल्मवर अंदाज बांधत नाहीत. हेलसिंकीच्या डॉक्टरांनी २०१२ साली मांडलेल्या 'सेदान' गुणपद्धतीत पाच गोष्टी आहेत: रक्तातली साखर, सीटीतला काळपटपणा, पांढरी दिसणारी नस, ७५ पेक्षा जास्त वय आणि झटक्याची तीव्रता. पाचांपैकी दोन फिल्मवरून कळतात, तीन पेशंटकडून.

यापलीकडे दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक रक्तदाब. इंजेक्शनआधी तो १८५/११० च्या खाली असावा लागतो, नंतरचे चोवीस तास १८०/१०५ च्या खाली. म्हणून बीपी आधी औषधानं उतरवतात. हे काम इस्पितळातच व्हायला हवं. घरी जास्तीची बीपीची गोळी देऊ नका, दाब फार घसरला तर उपाशी मेंदू आणखी उपाशी पडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. वॉरफेरिन, ॲसिनोकुमेरॉल, डॅबिगाट्रान, रिव्हारोक्साबॅन, एपिक्साबॅन यांपैकी काही चालू असेल तर शेवटची गोळी कधी घेतली हे डॉक्टरांना कळायलाच हवं. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर तेही सांगा, पण एवढ्या कारणानं इंजेक्शन अडत नाही. गेल्या तीन महिन्यांत डोक्याला मोठा मार, अलीकडचं मोठं ऑपरेशन, पोटातला रक्तस्राव किंवा पूर्वी कधीही मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर न विचारताही सांगा.

आकडे कसे वाचायचे

आता मूळ भीतीकडे येऊ. या इंजेक्शनचा पाया घालणारी चाचणी अमेरिकेत झाली आणि १९९५ साली प्रसिद्ध झाली. तीन तासांच्या आत अल्टेप्लेस दिलेल्यांपैकी ६.४ टक्के लोकांना त्रासदायक रक्तस्राव झाला. न दिलेल्यांमध्ये ०.६ टक्के. म्हणजे दहापट. संमतिपत्रावर हाच आकडा भेडसावतो.

पण त्याच चाचणीतले पुढचे आकडे बाकावर कुणी सांगत नाही. तीन महिन्यांनी इंजेक्शन दिलेल्या गटात १७ टक्के मृत्यू झाले, न दिलेल्या गटात २१ टक्के. म्हणजे रक्तस्राव धरूनही मृत्यू वाढले नाहीत. जवळजवळ पूर्ण बरे होऊन आपल्या कामाला लागलेले लोक इंजेक्शनच्या गटात ३९ टक्के होते, दुसऱ्या गटात २६ टक्के. रक्तस्रावामुळे होणारं नुकसान या आकड्यांतून आधीच वजा झालेलं आहे.

दुसरी गोष्ट लक्षात ठेवा. एखादे डॉक्टर दोन टक्के म्हणतील, दुसरे सात म्हणतील, म्हणून त्यांपैकी एक खोटं बोलत आहे असं समजू नका. युरोपातल्या ६,४८३ पेशंटच्या एका मोठ्या नोंदीत (२००७) एका व्याख्येनुसार रक्तस्राव १.७ टक्के आणि दुसऱ्या व्याख्येनुसार ७.३ टक्के निघाला. पेशंट तेच होते. एका व्याख्येत फक्त मोठा आणि प्रकृती स्पष्टपणे ढासळवणारा रक्तस्राव मोजतात, दुसरीत किंचित बिघाडही धरतात.

रक्तस्रावाच्याही चार पायऱ्या आहेत. पहिल्या दोनांत मेलेल्या भागात रक्ताचे बारीक टिपके दिसतात. पुष्कळदा पेशंटला त्याचा पत्ताही लागत नाही, नस उघडल्याची ती खूण असू शकते. तिसऱ्या पायरीत रक्ताचा गोळा होतो, पण तो मेलेल्या भागाच्या तीस टक्क्यांच्या आत राहतो. चौथीत तो त्यापेक्षा मोठा होऊन शेजारच्या मेंदूवर दाब आणतो. जिवाला खरा घोर या चौथ्या पायरीचा. त्यामुळे नंतरच्या रिपोर्टात 'रक्तस्राव' शब्द दिसला तर लगेच धीर सोडू नका. कोणत्या पायरीचा, ते विचारा.

मोठा भाग मेलेला असूनही उपचार का करतात, हे जपानमधल्या एका चाचणीनं (२०२२) दाखवलं. ॲस्पेक्ट्स तीन ते पाच इतका कमी असलेल्या पेशंटची गुठळी काढली. त्यांच्यापैकी ५८ टक्क्यांच्या मेंदूत कमीअधिक रक्त दिसलं, न काढलेल्यांमध्ये ३१ टक्क्यांच्या. तरीही आधाराशिवाय चालू शकण्याइतके किंवा त्याहून बरे झालेले लोक गुठळी काढलेल्या गटात ३१ टक्के होते आणि दुसऱ्या गटात १३ टक्क्यांच्या आसपास. रक्तस्रावाचा धोका एकटा मोजला तर तो नेहमीच मोठा दिसतो. उपचार न करण्याचा धोका शेजारी ठेवला की त्याचं खरं वजन कळतं.

बाकावर बसून काय विचारायचं

सही करण्यापूर्वी चार प्रश्न पुरतात. डॉक्टर दोन मिनिटांत उत्तरं देतील.

१. सीटीत रक्त नाही ना? आणि मेंदूचा किती भाग गेलेला दिसतो?

२. मोठी नस बंद आहे का? असेल तर गुठळी काढण्याची सोय इथे आहे की पुढे पाठवणार? पुढे पाठवताना इंजेक्शन इथेच सुरू करता येईल का?

३. आमच्या पेशंटमध्ये रक्तस्रावाचा धोका नेहमीपेक्षा वाढवणारं काही दिसतं का?

४. इंजेक्शन दिलं नाही तर काय होण्याची शक्यता आहे?

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच सहसा विचारायचा राहून जातो. डॉक्टरांनी फिल्म पाहून इंजेक्शन नको असं ठरवलं, तर तोही उपचाराचाच निर्णय आहे. "पैसे भरतो, पण द्याच" असा आग्रह धरू नका. सही कोण करणार हे मात्र आत्ताच ठरवा. काकांना फोन जरूर करा, पण तो सही झाल्यावर.

पहिले चोवीस तास

इंजेक्शननंतर पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी, पुढचे सहा तास दर अर्ध्या तासानं आणि मग चोवीस तास पूर्ण होईपर्यंत दर तासाला बीपी आणि पेशंटची अवस्था तपासतात. सिस्टर सारखी उठवते म्हणून चिडू नका. त्रासदायक रक्तस्राव झालाच तर तो बहुतेकदा पहिल्या दीड दिवसात होतो आणि तो हेरायची हीच रीत आहे.

घरच्यांना पेशंटची सवयीची बोली आणि नजर माहीत असते, त्यामुळे काही बदल आधी तुमच्याच लक्षात येतात. एकाएकी जोरात डोकं दुखणं, उलटी, गुंगी वाढणं, सुधारलेला हात पुन्हा पडणं, बोलणं पुन्हा जाणं, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळच्या राउंडची वाट पाहू नका. त्याच क्षणी सिस्टरना सांगा. इंजेक्शनची धार चालू असेल तर डॉक्टर ती थांबवतात, तातडीनं सीटी काढतात आणि रक्तस्राव असेल तर गोठण्याची ताकद परत आणणारी औषधं देतात. ओठ किंवा जीभ सुजू लागली तर तेही लगेच सांगा. हा इंजेक्शनचा वेगळा दुष्परिणाम आहे आणि बीपीच्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांमध्ये जास्त आढळतो.

गिळण्याची तपासणी होईपर्यंत पेशंटला चमचाभर पाणीसुद्धा पाजू नका. घरून आणलेली कोणतीही गोळी, अगदी नेहमीची ॲस्पिरिनही, देऊ नका. चोवीस तासांनी दुसरा सीटी किंवा एमआरआय होतो आणि त्यात रक्त नाही असं दिसल्यावरच साधारणपणे रक्त पातळ करणारी औषधं सुरू होतात. पेशंट छान बोलतोय मग आणखी स्कॅन कशाला, असं म्हणून तो टाळू नका. पुढच्या औषधांची वेळ त्यावरच ठरते. ज्यांना हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे गुठळी झाली, त्यांच्या बाबतीत तर ही वेळ फार विचारपूर्वक ठरवावी लागते.

थ्रॉम्बेक्टॉमी झालेल्या पेशंटच्या सीटीत कधी पांढरा डाग दिसतो आणि घरचे हादरतात. गुठळी काढताना वापरलेलं रंगद्रव्य मेंदूत पाझरूनही असा डाग दिसतो. ते साधारण एक-दोन दिवसांत विरतं, रक्त मात्र टिकून राहतं. दोन ऊर्जांवर चालणाऱ्या खास सीटीत हा फरक लगेच करता येतो. ती सोय नसेल तर पुन्हा सीटी काढून पाहतात. याच काळात बीपी फार खाली आणणंही घातक ठरू शकतं, म्हणून "अजून थोडं उतरवा" असा हट्ट नको.

संगणकाचा सल्ला

ॲस्पेक्ट्स मोजणारी, बंद नस दाखवणारी सॉफ्टवेअर आता अनेक इस्पितळांत आहेत. मुंबईच्या क्युअर.एआयच्या संशोधकांनी भारतातल्या सुमारे २० केंद्रांमधले तीन लाखांवर डोक्याचे सीटी वापरून रक्तस्राव ओळखणारी प्रणाली घडवली. ते काम २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. रात्री रेडिओलॉजिस्ट नसलेल्या इस्पितळाला अशी मदत मोलाची. पण झालेला रक्तस्राव ओळखणं आणि होणारा रक्तस्राव वर्तवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामासाठी फिल्म, वय, साखर, बीपी सगळं एकत्र करणारी गणितं तयार होत आहेत. एका इस्पितळाच्या पेशंटवर शिकलेलं गणित दुसरीकडे तसंच लागू पडेल याची खात्री नसते. शेवटचा शब्द अजून पेशंटसमोर उभ्या असलेल्या डॉक्टरांचाच आहे.

आज रात्री करायचं काम

फिल्म कितीही बोलकी असली तरी दोन गोष्टी तिला सांगता येत नाहीत: माणसाला शेवटचं धडधाकट कधी पाहिलं आणि तो कोणत्या गोळ्या घेतो. त्या सांगायच्या असतात घरच्यांनीच.

म्हणून एक कागद घ्या. घरातल्या मोठ्या माणसांची नावं, आजार, चालू गोळ्या आणि त्यांच्या वेळा लिहा. पूर्वीची ऑपरेशनं, रक्तस्राव, पेसमेकर, मूत्रपिंडाचा आजार, जुन्या स्कॅनचं पाकीट कुठे आहे हेही लिहा. खाली सही कोण करणार त्याचं नाव आणि त्याच्या नंतरचं दुसरं नाव लिहा. मग जवळच्या दोन-तीन इस्पितळांना फोन करून विचारा: सीटी रात्रीही चालू असतो का, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन ठेवलेलं असतं का, गुठळी काढण्याची सोय आहे का. उत्तरं त्याच कागदावर टिपा, वर १०८ क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहा आणि कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. त्याचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये राहू द्या.

तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतंय, एकाएकी तोल जातोय किंवा दिसेनासं झालंय, यांतलं एक जरी दिसलं तरी घड्याळ पाहून वेळ टिपा आणि निघा. सीटीच्या टेबलावर पेशंट जितका लवकर पोहोचेल तितका फिल्ममधला काळपटपणा कमी असेल, बांध तितका घट्ट असेल आणि तुमच्यासमोर येणाऱ्या संमतिपत्रातला धोकाही तितकाच लहान असेल. रक्तस्रावाची भीती कमी करण्याची जी संधी घरच्यांच्या हातात असते, ती अशी इस्पितळाच्या दाराबाहेरच असते.